रोडगे, रेंगी आणि शकुंतला : एका दिवसाच्या सुखाचा इतिहास

दोन वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवीत असताना मी विद्यार्थ्यांना एक पानभर मजकूर लिहावयास सांगितला होता. विषय अगदी साधा होता : घरच्या सर्व माणसांबरोबर केलेली एका दिवसाची सहल. वर्गातील बहुतेक मुले-मुली कळंब, राळेगाव, घाटंजी, दारव्हा या तालुक्यांतल्या खेड्यांतून एसटीने येणारी. अर्ध्या तासानंतर पाहिले तर निम्म्याहून अधिक पाने कोरी. कारण विचारले तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सर, आम्ही सहलीला कधी गेलोच नाही. शाळेची गेली होती, पण आमचे पैसे भरले नव्हते." मी काहीसा ओशाळलो. विषय देताना मी आपल्याच घराकडे पाहिले होते हे लक्षात आले. मग काही सुचेना म्हणून विचारले, "रोडग्यांना कोण कोण गेले आहे?" वर्गातले सगळे हात वर झाले.

प्रश्न अनुभवाचा नव्हता, शब्दाचा होता. 'सहल' हा शब्द आमच्या भागात शाळेबरोबर आला आणि शाळेपाशीच राहिला. घराने तो कधी आपलासा केला नाही. कुटुंब बाहेर पडे ते देवाला, जत्रेला, रोडग्यांना, आवळीभोजनाला, शेतावर हुरड्याला. मौजेसाठी निघालो असे कोणी म्हणत नसे, आणि तसे म्हणून कोणी निघूही दिले नसते. माझी आजी म्हणे, "देवाच्या नावानं निघा, म्हंजे कोणी अडवत नाई." लहानपणी मला ही भाबडी श्रद्धा वाटे. आता वाटते, त्यात श्रद्धेहून व्यवहार अधिक होता.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी रोडग्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. जाडसर दळलेली गव्हाची कणीक, तेलाचे मोहन, ओवा, मीठ. त्या कणकेच्या लहान पोळ्या लाटून, तेलाचा हात लावून, एकीवर एक ठेवून त्यांचा गोळा बंद करायचा. गोवऱ्या रचून त्यांचा जगरा पेटवायचा, ज्वाळा निवून निखारा झाला की त्यात हे गोळे पुरायचे आणि वरून राख सारायची. तोवर तीन दगडांच्या चुलीवर तुरीचे वरण आणि वांग्याची भाजी शिजते. रोडगे काढले की कापडात घोळून राख झाडायची, हाताने फोडायचे, वर तूप. पळसाची पाने तिथल्या तिथे तोडून पत्रावळी लावायच्या. गहू, तूर, वांगी घरची, गोवऱ्या गोठ्यातल्या, पाणी ओढ्याचे किंवा देवळाच्या विहिरीचे, सावली चिंचेची नाहीतर आंब्याची. विकत आणायचे ते नारळ, उदबत्ती आणि नैवेद्याचा गूळ. ज्या घरात महिन्याच्या अखेरीस रोख पैसा दिसत नसे, त्या घरालाही हा दिवस परवडे, याचे कारण त्या दिवसाला लागणाऱ्या जवळजवळ कोणत्याही वस्तूचे पैशात मोल करावे लागत नसे.

यात आणखी एक गोष्ट आहे. आमच्याकडे जगरा सांभाळण्याचे काम पुरुषांचे. गोवऱ्या रचणे, रोडगे पुरणे, उलटणे, राख झाडणे हे सारे बाप्ये करीत. बायकांना भाजी चिरण्यापलीकडे फारसे काम उरत नसे. वर्षातून एखादाच दिवस असा, की ज्या दिवशी घरची बाई चुलीसमोर नाही. रोडग्याच्या नवसाचा उल्लेख आला की साहित्याच्या विद्यार्थ्याला नाथांचे भारूड आठवतेच. त्यातली सून भवानीला रोडगा बोलते तो सासर-नणंदेच्या जाचातून सुटून एकटीने राहता यावे म्हणून. भारुडाचा आध्यात्मिक अर्थ आपण परीक्षेत लिहितो, तो खोटा नाही. पण नाथांनी त्या सुनेच्या तोंडी पुरणपोळीचा किंवा लाडवांचा नवस घातला नाही, रोडग्याचा घातला. घराबाहेर, उघड्यावर, राखेत भाजला जाणारा हा पदार्थ आणि घरातून सुटण्याची तिची इच्छा यांचा मेळ केवळ योगायोगाचा असेल असे मला वाटत नाही. विद्वानांनी हे मत खोडून काढावे, माझी हरकत नाही.

जायचे कसे, हा पुढचा प्रश्न. पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत उत्तर एकच होते : बैलगाडी. ओझ्याचे ते खाचर, माणसांची ती रेंगी किंवा दमणी. रेंगीवर तट्ट्या बांधायच्या, आत कडबा पसरून वर घोंगडी, त्यावर म्हातारी माणसे आणि लेकरे. तरुण माणसांनी मागून चालायचे. बैलांच्या चालीने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढेच अंतर या सुखाच्या आवाक्यात असे. म्हणून प्रत्येक गावाची 'जवळची' देवस्थाने ठरलेली असत. कळंबच्या आसपासची गावे चिंतामणीला जात. हे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून गेल्यावर कुंड आणि गणपती. भर उन्हाळ्यात त्या पायऱ्या उतरताना अंगाला लागणारा गारवा ज्याने अनुभवला, त्याला देवदर्शन आणि सहल यांत भेद का करीत नसत हे वेगळे सांगावे लागत नाही. वणीकडची माणसे रंगनाथस्वामींच्या यात्रेला जात. ती यात्रा बैलबाजारासाठी प्रसिद्ध. बापाने बैल पाहायचे, आईने बांगड्या भरायच्या आणि लेकरांनी रहाटपाळण्यात बसायचे. पुसद आणि यवतमाळकडची माणसे माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जात. आज आपण एसटीत डुलकी घेत पैनगंगा ओलांडतो, पण १९४८ पर्यंत ती नदी राज्याची सीमा होती. अलीकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड, पलीकडे निजामाचा मुलूख. माहूरला निघालेली रेंगी परराज्यात जात होती आणि गाडीतल्या कोणालाही परदेशी गेल्यासारखे वाटत नव्हते.

बैलगाडीची ही मर्यादा प्रथम मोडली ती शकुंतलेने. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा अडीच फुटी रुळांचा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी घातला गेला. किलिक, निक्सन आणि कंपनी या ब्रिटिश पेढीने १९१० साली त्यासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली. हेतू उघड होता : वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या रुळांपर्यंत आणि तिथून मुंबई बंदराला पोचवणे. माणसे ही त्या गाडीची दुय्यम कमाई. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे सरकारजमा झाल्या तरी या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली, हे आपल्याकडे वारंवार सांगितले जाते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती गाडीची गती. ताशी वीस किलोमीटरच्या आसपास चालणारी ही गाडी बैलगाडीची लांबची बहीणच. चढावर पोरे उतरून बाजूने धावत, पुन्हा चढत. काही स्थानकांवर गार्डच तिकिटे देई. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत चालले, नंतर डिझेलचे आले. माझ्या आठवणीतली शकुंतला ही वाफेवरची. यवतमाळहून लासिना, लाडखेड, दारव्हा मोतीबाग. दारव्ह्यापर्यंत जायचे, एखाद्या मळ्यात डबे सोडायचे, परतीला मिळेल ती एसटी. डब्यातल्या पोळ्यांवर कोळशाचे काळे कण बसत, ते फुंकून खायचे. माहेरवाशिणी, कारंजाला गुरुमहाराजांच्या जन्मस्थानी निघालेले म्हातारे, मूर्तिजापूरला गाडगेबाबांच्या संस्थेत जाणारे असे सारे एका डब्यात. यवतमाळच्या बाजूची गाडी बंद होऊन आता कित्येक वर्षे झाली. रुळांवर बाभळी वाढल्या आहेत.

एक आनुषंगिक गोष्ट. मामाच्या गावाला जाणाऱ्या आगगाडीचे गाणे मराठी मुलांना देणारे ग. दि. माडगूळकर १९७३ च्या यवतमाळ साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्या वर्षी शकुंतला वाफेवर धावत होती. त्यांनी ती पाहिली की नाही, त्या गाडीला मात्र त्या गाण्यातल्या गाडीचा सारा थाट होता.

मँचेस्टरचे नाव आले आहे, तर तेथवर जाऊन येऊ. कामकरी कुटुंबांच्या स्वस्त सहलीचा इतिहास म्हटले की तो इंग्लंडमधूनच सुरू करण्याचा प्रघात आहे, आणि त्याला कारणेही आहेत. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक याने सुमारे पाचशे माणसांना एका शिलिंगात लेस्टरहून लफबरोला रेल्वेने नेऊन आणले. निमित्त दारूबंदीच्या सभेचे होते. म्हणजे तिथेही पहिली मोठी स्वस्त सहल निघाली ती सत्कार्याचे नाव घेऊनच. आजीचे सूत्र इंग्लंडातही चालत होते असे म्हणायला हरकत नाही. १८७१ च्या कायद्याने बँकांच्या सुट्या ठरल्या आणि कामकऱ्याला हक्काचे चार दिवस मिळू लागले. दिवस मिळाला, गाडी मिळाली, पण जायचे कुठे? मँचेस्टर आणि शेफील्ड यांच्या मधल्या डोंगराळ माळांवर जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी कुंपणे आणि रखवालदार ठेवले होते. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या विशीतल्या तरुणाच्या पुढाकाराने काही शे कामगार किंडर स्काउट या डोंगरावर मनाई मोडून चढले. पाच तरुणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भूमीवरील प्रवेश यांविषयीचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये तोच पीक डिस्ट्रिक्टचा प्रदेश तिथले पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला.

आपला कापूस आणि मँचेस्टरचे गिरणी कामगार यांचे नाते जोडण्याचा मोह इथे होतो. तो आवरला पाहिजे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वर्षांत लँकेशायरने वऱ्हाडच्या कापसाकडे डोळे लावले होते हे खरे. पण १९३२ पर्यंत आपल्या आखूड धाग्याच्या कापसाची वाट मुख्यत्वे जपानकडे आणि मुंबईच्या गिरण्यांकडे वळली होती. नाते आहे ते दुसऱ्याच जागी. किंडर स्काउटच्या दोन वर्षे आधी, जुलै १९३० मध्ये, पुसदला बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला. त्याच महिन्यात यवतमाळजवळ लोहारा येथे डॉ. हेडगेवार यांच्या तुकडीनेही जंगल सत्याग्रह केला. समुद्र आणि मीठ यांपासून शेकडो मैल दूर असलेल्या जिल्ह्याने कायदेभंगासाठी जंगल निवडले, कारण इथल्या माणसाला सरकार रोज भेटे ते जंगलाच्या कुंपणाशी. गवत, सरपण, चराई, प्रत्येकाला परवाना आणि आकार.

इतिहासाची पाठ्यपुस्तके पुसदला स्वातंत्र्यलढ्याच्या प्रकरणात ठेवतात आणि किंडर स्काउटला, ठेवलेच तर, पर्यटनाच्या. दोन्हींतला मूळ प्रश्न मात्र एक आहे : गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर पाऊल कोणी ठेवायचे? इंग्लंडच्या कामगाराला तिथे चालायचे होते, पुसदच्या शेतकऱ्याला गवत कापायचे होते, एवढाच फरक. आणि ज्या जमिनीवर गवत कापता येते, काड्या वेचता येतात, ओढ्याचे पाणी घेता येते, त्याच जमिनीवर वर्षातून एकदा जगरा लावून रोडगेही भाजता येतात. रोडग्यांचा दिवस स्वस्त होता तो माणसे काटकसरी होती म्हणून नव्हे; ओढा, आमराई आणि देवळाभोवतीचा माळ कोणाच्या मालकीचा नव्हता, किंवा असला तरी मालक हाकलीत नव्हता, म्हणून.

'कोणाच्या मालकीचा नव्हता' हे वाक्य मी सहज लिहून गेलो, पण ते अर्धेच खरे आहे. देवळाच्या विहिरीला हात लावण्याची मुभा सगळ्यांना नव्हती. पंगतीत कोण कुठे बसणार हे ठरलेले होते आणि जत्रेच्या माळावर काहींच्या गाड्या दूर सोडाव्या लागत. माझ्या आठवणींतल्या रोडग्यांच्या चित्रात ही माणसे नाहीत. ती तेथे नव्हती म्हणून नाहीत, की मी पाहिले नाही म्हणून नाहीत, याचे उत्तर मला स्वतःपाशीही देता आलेले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबांच्या वर्षाचा बाहेर पडण्याचा दिवस बदलला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भाकरी-चटणीची गाठोडी घेऊन, लेकराबाळांसह नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, मोकळ्या मैदानात शिदोरी सोडायची, भाषणे ऐकायची आणि येताना पुस्तके आणायची. माझ्या एका सहकाऱ्याच्या घरातले पहिले पुस्तक असे गाठोड्यातून आले. रोडग्यांना निघताना देवाचे नाव घ्यावे लागे. इथे निमित्त शोधावे लागत नव्हते.

जत्रा स्वस्त होती असे म्हणताना गाडगेबाबांची आठवण ठेवावी लागते. नवसापायी कर्ज काढणे आणि देवापुढे कोंबडी-बकरी कापणे यांवर त्यांनी आयुष्यभर कीर्तनांतून कोरडे ओढले. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत यात्रा-मेळ्यांवर स्वतंत्र अध्यायच आहे. देवाच्या नावाने निघालेला दिवस अनेकदा सावकाराच्या दारात संपे, हे या दोघांनी जवळून पाहिले होते. आजीच्या सूत्राची ही दुसरी बाजू.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि हळूहळू तिने रेंगीला निवृत्त केले. बैलांऐवजी वेळापत्रक आले. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा पावसाळ्यात माणसांनी फुलू लागला. बायकांच्या डबापार्ट्या निघू लागल्या. अलीकडची मोठी घटना १७ मार्च २०२३ ची. त्या दिवसापासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले. तिच्यावर टीका पुष्कळ झाली, महामंडळाच्या तोट्याचे हिशेब मांडले गेले, ते मांडले पाहिजेतच. पण माझ्या रोजच्या गाडीत तेव्हापासून दुपारच्या वेळी चार-पाच जणींचे घोळके दिसू लागले, हातात पिशव्या, पिशव्यांत डबे. कुठे चाललात विचारले की उत्तर ठरलेले, "देवाले."

याच काळात दुसरीकडे दारे मिटत गेली. ज्वारीच्या जागी सोयाबीन आले आणि हुरडा शेतातून उठून शहराबाहेरच्या रिसॉर्टांच्या फलकांवर गेला. ओढ्याकाठच्या आमरायांचे लेआउट पडले. पांढरकवडा-घाटंजी भागातले टिपेश्वर १९९७ मध्ये अभयारण्य झाले. वाघ वाढले, ही आनंदाची गोष्ट आहे, मी उपहासाने म्हणत नाही. पण जिप्सी, वाटाड्या आणि प्रवेशशुल्क यांचा हिशेब केला तर तिथली एक सकाळ शेजारच्या गावच्या मजूर कुटुंबाला परवडणारी नाही. त्या कुटुंबाला वाघ भेटतो तो तिकिटाविना. राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात टी-१ उर्फ 'अवनी' वाघिणीच्या दहशतीत माणसे शेतात जायला भीत होती. २ नोव्हेंबर २०१८ ला तिला ठार मारले तेव्हा मुंबई-दिल्लीत हळहळ आणि इथे फटाके, असा तो प्रकार. निसर्ग कोणासाठी सहल आणि कोणासाठी रोजची वाट, हे त्या आठवड्यात जितके स्पष्ट दिसले तितके कोणत्याही पुस्तकात दिसणार नाही.

आता पुन्हा वर्गाकडे. आपल्या प्रवासवर्णनाच्या अभ्यासक्रमात गोडसे भटजी आहेत, अनंत काणेकर आहेत, 'अपूर्वाई' आहे, गोनीदांचे भ्रमण आहे. गोनीदा तर शकुंतलेच्या दुसऱ्या टोकाचे, परतवाड्यात जन्मलेले. हे सारे वाङ्मय थोर आहे. पण त्यात जाणारा माणूस बहुधा पुरुष असतो, आणि तो दूर जातो. सकाळी निघून संध्याकाळी घरी येणाऱ्या कुटुंबाला या प्रकारात जागा नाही. यवतमाळला तर त्याहून कमी. या जिल्ह्याला मराठी लेखनात एकच भूमिका मिळाली आहे. १९ मार्च १९८६ रोजी चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवन संपवले, तेव्हापासून आमची ओळख ती झाली. २०१९ मध्ये यवतमाळच्या संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर संसार ओढणारी बाई त्या व्यासपीठावर उभी राहिली आणि जे बोलली ते अनेक अध्यक्षीय भाषणांहून मोलाचे होते. हे दुःख खोटे नाही, ते लिहिलेच पाहिजे. तरीही मला कधीकधी वाटते, आमच्या माणसांनी कसे मरावे याच्या नोंदी जितक्या काळजीने होतात, तितक्या ती सुखात कशी राहिली याच्या होत नाहीत.

म्हणून त्या दिवशी विषय बदलला. सहल खोडली आणि फळ्यावर 'रोडगे' लिहिले. दुसऱ्या दिवशी सगळी पाने भरून आली. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ, वर्णने बरीचशी एकसारखी. राळेगाव तालुक्यातल्या एका मुलीचे पान मी ठेवून घेतले आहे. गावाबाहेरच्या मारुतीला तिच्या घरचे गेले होते. बाबांनी आणि काकांनी जगरा लावला. जेवणानंतर आई चिंचेखाली आडवी झाली आणि तिला झोप लागली. आईला दिवसा झोपलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, असे तिने लिहिले होते. पानाच्या तळाशी, कोणी न सांगता, खर्चही मांडला होता : नारळ, उदबत्ती, गूळ, आणि एसटीची तिकिटे, त्यांतली तिघींची अर्धी.